शेत आधी, खानावळ नंतर : इटलीतील आग्रितुरिस्मोच्या जेवणाचे परीक्षण

इटलीत शेतावर राहण्याची आणि तिथेच पिकलेले जेवण्याची जी सोय 'आग्रितुरिस्मो' या नावाने मिळते, तिला उपाहारगृहाचे निकष लावले तर ती बऱ्याच बाबतीत कमी पडते. बहुतेक ठिकाणी पदार्थांची निवड नसते, जेवणाची वेळ घरमालक ठरवतो, आगाऊ कळवले नसेल तर दारातूनच परत जावे लागते, आणि एखादा पदार्थ आवडला म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितला तर तो मिळेलच असे नाही. तरीही प्रवासात 'शेतातून थेट ताटात' या नावाखाली जे काही विकले जाते, त्या सगळ्यात मला ही सेवा सर्वांत विश्वासार्ह वाटते. त्याचे कारण इटालियन स्वयंपाकाच्या कीर्तीपेक्षा तिथल्या कायद्यात अधिक आहे.

हे विधान थोडे कोरडे वाटेल, म्हणून आधी उलट बाजू पाहू. 'शेतातून ताटात' हे शब्द जगात बहुतेक ठिकाणी कोणीही फलकावर लिहू शकतो. अमेरिकेत 2016 साली 'टॅम्पा बे टाइम्स' या वृत्तपत्राने फ्लोरिडातील उपाहारगृहांच्या मेनूंचा पाठपुरावा केला, तेव्हा ज्या शेतांची नावे मेनूवर झळकत होती त्यांतल्या काहींनी तिथे माल दिलेलाच नव्हता, असे उघड झाले. तिथे शेत हे केवळ सजावट होते. इटलीत मात्र आग्रितुरिस्मो हे नाव लावण्याचा अधिकार फक्त शेती करणाऱ्यालाच आहे. 5 डिसेंबर 1985 च्या 730 क्रमांकाच्या कायद्याने हा व्यवसाय प्रथम देशपातळीवर निश्चित केला, आणि 20 फेब्रुवारी 2006 च्या 96 क्रमांकाच्या कायद्याने त्याची जागा घेतली. या कायद्याचा गाभा असा की पाहुणचार हा शेतीला जोडून असावा आणि शेती हीच मुख्य राहावी. ती मुख्य आहे की नाही हे ठरवताना विशेषतः कोणत्या कामाला किती वेळ दिला जातो ते पाहिले जाते. ताटात येणाऱ्या मालातही स्वतःच्या शेतातला आणि परिसरातल्या इतर शेतांतला माल यांचा वाटा अधिक असला पाहिजे. तो किती, हे प्रत्येक प्रांत आपापल्या नियमांनी ठरवतो, त्यामुळे टस्कनीतला अनुभव आणि लोम्बार्दीतला अनुभव कागदावरसुद्धा सारखा नसतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सगळेच्या सगळे अन्न त्याच बांधावरचे असते असे कायदाही म्हणत नाही आणि कोणी प्रामाणिक शेतकरीही म्हणत नाही. कॉफी, साखर, मीठ बाहेरूनच येणार. द्राक्षांची शेती असेल तर पीठ शेजारच्या गिरणीतून येणार. यजमानाला कोर्टातल्या साक्षीदारासारखे प्रश्न विचारत बसण्यात अर्थ नाही. 'यातले तुमचे काय आणि शेजाऱ्याचे काय' एवढे सहज विचारावे. ज्यांच्याकडे सांगण्यासारखे असते ते भरभरून सांगतात, अनेकदा बोट दाखवूनच सांगतात.

ही व्यवस्था उभी कशी राहिली याचा इतिहास जेवणाच्या टेबलाशी बराच जवळचा आहे. मध्य इटलीत शेकडो वर्षे 'मेझ्झाद्रिया' नावाची अर्धेलीची पद्धत होती. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे आणि पीक दोघांत वाटून, असा तो व्यवहार. दुसऱ्या महायुद्धानंतर लोक कारखान्यांकडे वळले आणि 1964 साली कायद्याने अर्धेलीचे नवे करारच बंद केले. डोंगरउतारांवरची दगडी घरे ओस पडू लागली. 1965 मध्ये 'आग्रितुरिस्त' ही संघटना स्थापन झाली ती अशा पडत्या काळात, शेतीला जोडउत्पन्न देऊन माणसे गावात टिकवावीत या हेतूने. आज ज्या घरात पाहुण्यांसाठी टेबले मांडलेली असतात, त्याच्या तळमजल्यावर एके काळी गुरे बांधलेली असत आणि वर कुटुंब राहत असे. जाड भिंती, छोट्या खिडक्या आणि मधोमध भली मोठी चूल, ही रचना पर्यटकासाठी केलेली नाही, हे जागेवर गेल्यावर लगेच लक्षात येते.

राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या मोजणीनुसार 2023 साली देशात अशी सुमारे 26,000 शेते होती. त्यांपैकी जेवण देणारी साधारण निम्मीच आहेत, आणि पहिल्यांदा जाणाऱ्या प्रवाशाची फसगत नेमकी इथेच होते. बाकीची शेते राहायला खोली देतात, स्वयंपाकघर देतात, फार तर सकाळची न्याहारी देतात. आरक्षणाच्या संकेतस्थळांवर 'आग्रितुरिस्मो' एवढे नाव पाहून लोक खोली घेतात आणि रात्री आठ वाजता, जवळचे गाव पंधरा किलोमीटरवर असताना, जेवण मिळणार नाही असे कळते. म्हणून माहितीत 'रिस्तोरात्सियोने', म्हणजे जेवणाची सोय, आहे का ते आधी पाहावे. असेल तर ती रोज आहे की ठरावीक वारीच, आणि सर्वांसाठी आहे की फक्त मुक्कामी पाहुण्यांसाठी, हेही पत्र लिहून विचारून घ्यावे.

आता प्रत्यक्ष ताट. सिएनाच्या दक्षिणेला, व्हाल दोर्चाच्या टेकड्यांमधल्या एका छोट्या शेतावरचे ऑक्टोबरातले जेवण नमुन्यादाखल सांगतो, कारण या सेवेचे गुणदोष दोन्ही त्यात दिसले. संध्याकाळी स्वयंपाकघराचे दार उघडेच होते. यजमानीणबाई लाकडी पाटावर 'पिची' वळत होत्या. पिची म्हणजे गव्हाचे पीठ आणि पाणी यांच्या, सहसा अंडे न घालता हाताने वळलेल्या जाड शेवया. कणकेची पट्टी कापायची, तिचे एक टोक पाटावर दाबून धरायचे आणि दुसऱ्या हाताचा तळवा पुढे-मागे फिरवत तिला लांबवत न्यायचे. शेवई हातभर लांब होते, कुठे जाड, कुठे बारीक. हा ओबडधोबडपणा महत्त्वाचा आहे, कारण रस त्या खडबडीत अंगालाच धरतो. यंत्रातून काढलेल्या एकसारख्या पिचीला तो धरत नाही, आणि दुकानातली पाकिटातली पिची खाऊन निराश झालेल्यांनी हे लक्षात घ्यावे.

टेबलावर आधी बिनमिठाचा पाव आला. टस्कनीचा पाव अळणीच असतो आणि पहिल्या घासाला तो नुसता फिका लागतो. त्याचा उलगडा पुढच्या पदार्थांबरोबर होतो, कारण खारवलेले मांस, मुरवलेले मेंढीच्या दुधाचे चीज आणि तिखटसर तेल यांच्या जोडीला खारा पाव चालला नसता. मग ऑलिव्हच्या तेलात आणि सेजच्या पानांत शिजवलेले पांढरे घेवड्याचे दाणे, त्यानंतर लसणाच्या रसातली पिची, पुढे मांसाहारी मंडळींना रानडुकराचे मांस आणि आम्हा उरलेल्यांना भाजलेली मिरची व पालेभाजी, शेवटी बदामाची कडक बिस्किटे आणि त्यात बुडवायला गोड वाईन. आमच्यातल्या एकाने टोमॅटोची कोशिंबीर मागितली. बाईंनी खिडकीबाहेर हात केला. टोमॅटोची रोपे उपटून बांधावर टाकलेली होती आणि वाफ्यात काळसर पानांची टस्कन कोबी लावलेली होती. टोमॅटो आता पुढच्या जूनमध्ये, असे त्यांनी सांगितले आणि विषय संपला.

माझ्या मते संपूर्ण जेवणातले सर्वांत मोलाचे उत्तर हेच होते. 'नाही' म्हणण्याची ही तयारी उपाहारगृहाला परवडत नाही, कारण त्याचा मेनू छापलेला असतो आणि गिऱ्हाईक तो वाचून आलेले असते. शेताला ती परवडते. टस्कनीच्या या साध्या पदार्थांची घडणच मुळी हंगामाच्या मर्यादेतून झाली आहे. शिळा पाव, भाज्या आणि घेवडा पुन्हा उकळून केलेला 'रिबोल्लीता' हा थंडीचा पदार्थ, कारण त्यातली काळी कोबी थंडी पडल्यावरच गोडसर होते. तोच शिळा पाव उन्हाळ्यात टोमॅटो, काकडी, कांदा आणि शिरक्याबरोबर कालवला की 'पान्झानेल्ला' होतो. एखाद्या ठिकाणी हे दोन्ही पदार्थ बारा महिने मिळत असतील तर तिथले स्वयंपाकघर बाजारावर चालते असे समजायला हरकत नाही. जेवण त्यामुळे वाईट ठरत नाही, पण शेतावर जेवल्याचे पैसे मग कशासाठी द्यायचे?

तेलाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण या प्रवासात ज्याची चव घरी पूर्वी कधीच मिळालेली नसते असा हा जिन्नस आहे. मध्य इटलीत ऑलिव्हची तोडणी साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. झाडाखाली जाळ्या पसरतात, फांद्यांतून हाती धरलेले दाते फिरवून फळे खाली पाडतात आणि शक्यतो त्याच दिवशी घाण्यावर नेतात. फळे साठून राहिली की आंबू लागतात आणि तेलाची आम्लता वाढते. 'एक्स्ट्रा व्हर्जिन' म्हणवून घ्यायचे तर ती युरोपीय नियमाप्रमाणे 0.8 टक्क्यांहून अधिक चालत नाही. घाण्यातून नुकतेच निघालेले तेल गढूळ हिरवे असते, त्याला कापलेल्या गवताचा वास येतो आणि घशाखाली उतरताना ते खोकला यावा इतके झोंबते. ही झोंब म्हणजे दोष नव्हे. तेलातल्या नैसर्गिक घटकांची ती खूण आहे आणि काही महिन्यांत ती मवाळ होते. निखाऱ्यावर भाजलेल्या पावाला लसूण चोळून त्यावर हे तेल ओतून देतात. जेवणात दुसरे काही नसते तरी मी त्या ताटाला पूर्ण गुण दिले असते. नोव्हेंबरात जाणाऱ्याला पाऊस लागेल, पोहण्याचे तलाव झाकलेले असतील, पण ताटाच्या दृष्टीने टस्कनी आणि उंब्रिया यांसाठी याहून चांगला काळ नाही. सर्वाधिक गर्दीचा ऑगस्ट मात्र मी टाळायला सांगेन. उकाडा, चढे दर आणि दमलेले यजमान या तिन्हींची तेव्हा एकदमच गाठ पडते.

एमिलिया-रोमान्या प्रांतात चित्र निराळे आहे. इथली शेते टस्कनीइतकी देखणी नाहीत. जमीन सपाट, हिवाळ्यात धुके, रस्त्याकडेला गोदामे. पण इथे मुक्काम केला तर ताटातला पदार्थ कसा बनतो ते पाहायला सकाळी बाहेर पडता येते. पार्मिजानो रेज्जानो चीजचे कारखाने हे बहुतांशी आसपासच्या गोपालकांच्या दुधावर चालणारे छोटे कारखाने आहेत आणि आधी वेळ ठरवली तर अनेक ठिकाणी आत घेतात. मात्र सकाळी लवकर पोहोचावे लागते, कारण चीज दिवसातून एकदाच होते. आदल्या संध्याकाळचे दूध रात्रभर उथळ हौदांत ठेवून त्यावरची साय काढतात, त्यात सकाळचे ताजे दूध मिसळतात आणि उलट्या घंटेच्या आकाराच्या तांब्याच्या कढईत ते तापवतात. साकळलेले दूध एका जाळीदार दांड्याने फोडून त्याचे कण गव्हाच्या दाण्याएवढे करतात, ते पुढे तापवून तळाशी बसू देतात आणि मग दोन माणसे जाड कापडात तो गोळा धरून वर ओढतात. पाणी निथळताना त्या गोळ्याचे सुरीने दोन भाग करतात. एका कढईची दोन चाके. एका चाकाला सुमारे 550 लिटर दूध लागते आणि मुरलेल्या चाकाचे वजन 40 किलोंच्या आसपास भरते. किमान 12 महिने मुरल्यावर तपासनीस छोट्या हातोडीने प्रत्येक चाक ठोकून आवाज ऐकतो, आणि आत पोकळी असेल तर ते त्याला कानाने कळते.

मोदेनाच्या बाजूला हेच शिरक्याबाबत. पारंपरिक बाल्सामिको घराच्या माळ्यावर तयार होतो, कारण त्याला उन्हाळ्याची तलखी आणि हिवाळ्याचा गारठा दोन्ही लागतात. द्राक्षांचा रस उघड्या भांड्यात आटवून तो लहान लहान होत जाणाऱ्या पिंपांच्या रांगेत भरतात. पिंपे ओक, चेस्टनट, तुती, चेरी अशा वेगवेगळ्या लाकडांची. दरवर्षी सर्वांत लहान पिंपातून थोडासाच रस काढायचा, त्याची भरपाई त्याच्या आधीच्या पिंपातून, त्याची आणखी आधीच्या, असे शेवटपर्यंत. हा रस किमान 12 वर्षे मुरवावा लागतो आणि 'एक्स्ट्राव्हेक्यो' म्हणायचे तर 25 वर्षे. तो 100 मिलिलिटरच्या ठरावीक आकाराच्या बाटलीतच विकला जातो. दुकानांतून स्वस्तात मिळणारा 'मोदेनाचा बाल्सामिक शिरका' ही वेगळी वस्तू आहे. त्यात वाईनचा शिरका असतो आणि त्याला 60 दिवसांचा किमान काळ पुरतो. दोन्हींवर मोदेनाचे नाव असल्याने गोंधळ होतो. माळ्यावर उभे राहून चमच्यावर दोन थेंब चाखले की तो एकदाचा मिटतो. मुरलेला थेंब चमचा कलता केला तरी सावकाश सरकतो, आधी गोड लागतो आणि आंबटपणा मागाहून येतो.

शाकाहारी वाचकांसाठी या सेवेचे परीक्षण वेगळे लिहावे लागेल इतके मुद्दे आहेत. त्यातले नडणारे तेवढे सांगतो. वर ज्या पार्मिजानोचे कौतुक केले, ते दूध साकळवण्यासाठी वासराच्या जठरातले रेनेटच वापरावे असा त्याचा नियम आहे. मेंढीच्या दुधाच्या पेकोरिनोतही बहुधा प्राणिज रेनेट असते. म्हणजे 'फक्त चीज आहे, मांस नाही' असे यजमानाने मनापासून सांगितले तरी कडक शाकाहारी माणसासाठी ते उत्तर पुरेसे नाही. भाजीच्या सुपात मांसाचे पाणी असू शकते, घेवड्याच्या भाजीत डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे असू शकतात आणि एमिलिया-रोमान्यातली पिआदीना नावाची पोळी पारंपरिक पद्धतीने डुकराच्या चरबीत मळतात. यात लबाडी नसते. तिथल्या गृहिणीच्या दृष्टीने मांस म्हणजे ताटात दिसणारा तुकडा, चरबी आणि पाणी हे चवीचे साहित्य. म्हणून 'मी शाकाहारी आहे' एवढे सांगून थांबू नये. मांस, मासे, मांसाचे पाणी, चरबी आणि प्राणिज रेनेट हे पाचही शब्द इटालियनमध्ये लिहून आरक्षणाच्या वेळीच पाठवावेत. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी तर किमान आठवडाभर आधी. इतके केले की शेतावरचे स्वयंपाकघर उपाहारगृहापेक्षा जास्त सोयीचे ठरते असा माझा अनुभव आहे, कारण पदार्थ आधी करून ठेवलेले नसतात. दक्षिणेला पुलियात तर अडचण आणखी कमी होते. सुकवलेल्या फावाच्या दाण्यांची घोटलेली मऊ डाळ, तिच्याबरोबर चिकोरीची कडसर पालेभाजी आणि वरून कच्चे तेल हा तिथला रोजचा पदार्थ मुळातच निर्मांस आहे आणि पोटभरीचाही.

दोषांकडे वळायचे तर पहिला दोष कायद्यातल्याच एका सवलतीतून येतो. दहापर्यंत पाहुण्यांनाच सेवा देणाऱ्या शेतावर शेती मुख्य आहे असे कायदा धरून चालतो, कामाच्या तासांचा हिशेब मागत नाही. लहान कुटुंबांना कागदपत्रांतून सोडवणारी ही तरतूद चांगल्या हेतूची आहे, पण हौसेपुरती चार झाडे आणि मोठा पोहण्याचा तलाव असलेल्या बंगल्यांनाही तिचा आडोसा मिळतो. अशा एका ठिकाणी आम्ही राहिलो. चादरी पांढऱ्याशुभ्र, दृश्य चित्रासारखे, आणि मार्चमध्ये जेवणाला टोमॅटो व वांगी. मेनूकार्डावर निम्म्या पदार्थांपुढे तारांकन होते. इटलीत गोठवलेला माल वापरला की मेनूवर तसे सांगावे लागते आणि ते सहसा तारांकनाने सांगतात; खालची बारीक अक्षरांतली ओळ वाचण्याची सवय प्रवाशाने लावून घ्यावी. दर मात्र शेजारच्या खऱ्याखुऱ्या शेतापेक्षा चढा होता.

दुसरा दोष वर्गवारीचा. 2013 पासून मुक्कामाची सोय असलेल्या शेतांना एक ते पाच सूर्यफुलांची श्रेणी देण्याची राष्ट्रीय पद्धत आहे. हॉटेलांच्या ताऱ्यांशी साम्य असल्याने लोक पाच सूर्यफुले पाहून तिथले जेवणही उत्तम असेल असे गृहीत धरतात. प्रत्यक्षात ही श्रेणी मुख्यतः सुखसोयी, सेवांची विविधता आणि परिसर यांची आहे, स्वयंपाकाची नाही. दोन किंवा तीन सूर्यफुलांच्या घरी न्हाणीघर जुने असेल, इंटरनेट रखडेल आणि कोंबडा पहाटे झोपमोड करील, पण तिथेच ताट अस्सल मिळण्याची शक्यता मला जास्त वाटते. ताटाची पारख करायला फोटोंतल्या खोल्यांपेक्षा शेताबद्दल काय लिहिले आहे ते वाचावे. किती हेक्टर, कोणते पीक, कोणती जनावरे, घाणा स्वतःचा की सामायिक, हे तपशील जिथे सहज दिलेले असतात तिथे शेती चालू असते. जिथे फक्त 'शांतता' आणि 'निसर्ग' असतात, तिथे तीच दोन मिळतील.

खर्चाबाबत तक्रार करण्यासारखे फार नाही. ठरलेल्या पाच टप्प्यांच्या जेवणाला माणशी साधारण 25 ते 45 युरो पडतात आणि घरची वाईन व पाणी बऱ्याचदा त्यातच धरलेले असते. मुक्काम आणि एक वेळचे जेवण असा एकत्रित दर घेतल्यास तो अधिक स्वस्त पडतो. खरा खर्च गाडीचा आहे. बसने पोहोचता येईल अशी शेते थोडी, आणि ज्या थोड्या बस आहेत त्या जेवणाआधी बंद होतात. गाडी चालवायची तर भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. रक्तात प्रतिलिटर 0.5 ग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना गाडी चालवायला कायद्याने मनाई आहे आणि टेबलावरची घरची वाईन या आकड्याची आठवण ठेवू देत नाही. जेवण संपायला अडीच-तीन तास लागतात, रस्ते कच्चे व अंधारे असतात. या साऱ्याचा विचार करता जिथे जेवायचे तिथेच झोपायचे, हा नियम पाळलेला बरा. ज्यांना दिवसाला तीन शहरे पाहायची आहेत त्यांच्या कार्यक्रमात ही सेवा बसत नाही. एका शेतावर किमान तीन रात्री राहिल्याशिवाय ताट कसे बदलते ते दिसतच नाही.

प्रांत निवडताना माझी पसंती सांगायची तर उत्तरेकडील आल्तो आदिजे हा भाग शिस्तीसाठी. तिथे शेतकरी संघटनेची 'रोटर हान', म्हणजे लाल कोंबडा, ही निशाणी असलेली घरे निवडून घेतलेली असतात आणि शरद ऋतूत नवी वाईन व भाजलेले चेस्टनट खायला डोंगरातल्या शेतघरांमध्ये चालत जाण्याची तिथली रीत अनुभवण्यासारखी आहे. सार्दिनियातील शेतांवर ताटे संपता संपत नाहीत. मांसाहारी माणसाने एकदा तरी जावे, शाकाहारी माणसाने मधात बुडवलेल्या चीजच्या तळलेल्या करंजीसाठी जावे, अर्थात रेनेटचा प्रश्न विचारून. टस्कनी सर्वांत महाग आणि सर्वांत गर्दीची आहे, तरी तेलासाठी आणि पिचीसाठी ती मी वगळणार नाही.

निघताना बहुतेक शेतांवर तेल, मध, वाईन विकायला असते आणि तिथे खरेदी करण्यात शहाणपण आहे. तेल काचेच्या बाटलीऐवजी पत्र्याच्या डब्यात घ्यावे. प्रकाशाने ते लवकर बिघडते आणि विमानाच्या सामानात डबा फुटतही नाही. त्यावर तोडणीचा हंगाम लिहिला असेल तर तो पाहावा. जून ते सप्टेंबर या काळात 'ताजे' म्हणून दिले जाणारे तेल मागच्या शरद ऋतूतले असते, त्याहून ताजे असूच शकत नाही. त्यामुळे आधी पाव मागून चाखावे, घशाला झोंब उरली असेल तर पाच लिटरचा डबा घ्यावा, आणि ती विरलेली असेल तर मध घेऊन निघावे.